‘प्रेस’ : एका इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थविस्तार
(जव्हार-मोखाडा परिसरातील अध्यापनाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आज पदवी वर्गात बसलेला विद्यार्थी बारा-तेरा वर्षे हा विषय शिकून महाविद्यालयात आलेला असतो. तरीही दाभोसा, जव्हार, मोखाडा या परिसरातील विद्यार्थ्यापुढे एखादा इंग्रजी उतारा ठेवला, तर तो अडतो ते कठीण शब्दांपाशी नव्हे. कठीण शब्द तो कोशात पाहतो. तो अडतो ते त्याला ‘येत असलेल्या’ शब्दांपाशी. ‘प्रेस’ हा अशा शब्दांतील एक ठळक शब्द होय. त्याचा अर्थ ‘दाबणे’ असा त्याने प्राथमिक शाळेतच पाठ केलेला असतो. पुढे इतिहासाच्या पुस्तकात ‘खेड्यातील माणसांना सक्तीने कामाला जुंपले’ या आशयाच्या इंग्रजी वाक्यात हेच क्रियापद येते, तेव्हा ‘माणसांना कामात दाबले’ असे भाषांतर उत्तरपत्रिकेत उतरते. परीक्षक लाल रेघ ओढतो आणि विषय तेथेच संपतो.

प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचा मराठीच्या अंगाने विचार केला आहे. इंग्रजीने एकाच शब्दाच्या पोटात जे अर्थ साठविले, ते मराठीने अनेक शब्दांत वाटून ठेवले आहेत. आपल्या विद्यार्थ्याजवळ हे शब्द आधीपासून असतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा घरांतून आलेल्या या मुलांसाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. ‘प्रेस म्हणजे दाबणे’ हे समीकरण त्याच्या हाती देताना आपण त्याच्या जवळचे दहा शब्द काढून घेतो आणि बदल्यात एक देतो, असे या लेखकाचे मत आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘दाभोसा’ या ग्रामनामाचा ‘दाब’ या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, कारण तेथे लेंडी नदीचे पाणी सुमारे तीनशे फुटांवरून खाली आदळते. परंतु हे केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘दाभ’ आणि ‘दाब’ यांत ‘भ’ आणि ‘ब’ यांचा भेद आहे, आणि ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत अशा साम्यावर विसंबणे धोक्याचे असते.

हाताने, पायाने, वजनाने

इंग्रजी क्रियापद केवळ एवढेच सांगते की, एका वस्तूने दुसरीवर भार दिला. तो कोणी दिला, कशाने दिला, कोणत्या दिशेने दिला आणि त्यामुळे त्या वस्तूचे काय झाले, हे वाक्यातील इतर शब्दांवर सोपविले जाते. मराठी क्रियापद मात्र ही माहिती स्वतःच वाहून नेते.

बटण आपण ‘दाबतो’. पण थकलेल्या आईचे पाय ‘चेपतो’. ‘पाय दाबून देणे’ हाही प्रयोग रूढ आहे. तथापि ‘चेपणे’ म्हटले की तळहाताची आणि बोटांची एक लय सूचित होते. हेच क्रियापद निर्जीव वस्तूस लावले की अर्थ पालटतो : डबा ‘चेपला’ म्हणजे त्याचा आकार बिघडला. भाकरी ‘थापतात’, दाबत नाहीत. येथे भार तळहाताचा असतो, तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो आणि त्यातून पीठ गोल पसरत जाते. नाचणीची भाकरी थापणाऱ्या स्त्रीच्या हाताची क्रिया इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही. गोवऱ्या थापतात, विटाही थापतात. बंदुकीत दारू ‘ठासतात’, पोत्यात कपडे ‘कोंबतात’, अडकलेली गाडी ‘रेटतात’, लिंबू ‘पिळतात’, सारवण्यापूर्वी अंगणाची जमीन ‘चोपतात’.

‘दडपणे’ हा यांतील सर्वांत बोलका शब्द. वरून वजन ठेवायचे आणि खालची वस्तू दिसेनाशी करायची, असे दोन अर्थ त्यात एकत्र आहेत. कोकणातील दडपे पोहे याच क्रियेवरून नाव मिळवून बसले आहेत. ओले खोबरे, कांदा यांच्यासह पातळ पोहे झाकून, दडपून ठेवायचे, म्हणजे ते त्या ओलाव्यानेच मऊ होतात. तीच क्रिया प्रकरणाच्या बाबतीत केली की ‘प्रकरण दडपले’ आणि लोकांच्या बाबतीत केली की ‘दडपशाही’. लॅटिन मुळातून आलेल्या ‘सप्रेस’ आणि ‘ऑप्रेस’ या दोन इंग्रजी शब्दांची जागा मराठीत पोह्यांच्या शेजारचाच शब्द घेतो. ‘पिळणे’ या क्रियापदाचेही असेच. त्यापासून ‘पिळवणूक’ तयार झाला आणि तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला.

स्वयंपाकघरात हे वाटप आणखी सूक्ष्म होते. शेव पाडण्याचा ‘सोऱ्या’ आणि पुरण काढण्याचे ‘पुरणयंत्र’ ही दोन्ही इंग्रजीच्या दृष्टीने ‘प्रेस’च. तेलबिया चिरडून तेल काढणारा ‘घाणा’ हाही तोच. मोहाच्या बियांपासून तेल काढण्याची पद्धत या डोंगराळ भागात जुनी आहे. अलीकडे शहरांतील दुकानांत बाटल्यांवर ‘कोल्ड प्रेस्ड’ अशी अक्षरे छापून जे तेल चढ्या भावाने विकले जाते, त्याला मराठीत ‘लाकडी घाण्याचे तेल’ म्हणतात. विद्यार्थ्याला या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी दुसरे काही करावे लागत नाही.

कपड्यांच्या बाबतीत गंमत अशी की, ‘इस्त्री’ हा आपला वाटणारा शब्द मुळात पोर्तुगीज. त्या भाषेतील ताणणे, पसरणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला, असे मानले जाते. पोर्तुगिजांनी पाहिले ते सुरकुती ताणली जाणे. इंग्रजांनी पाहिले ते कापड दाबले जाणे. वस्तू एकच, क्रियाही एकच. आज आपण ‘कपडे इस्त्री केले’ आणि ‘कपडे प्रेस केले’ ही दोन्ही वाक्ये अदलाबदलीने वापरतो.

दाब, दबाव आणि दडपण

नामांकडे वळल्यास ‘प्रेशर’ या एका शब्दासाठी मराठीत निदान चार शब्द ठरून गेलेले दिसतात. विज्ञानात ‘दाब’, राजकारणात ‘दबाव’, मनाच्या बाबतीत ‘दडपण’ आणि कामाच्या संदर्भात बहुधा ‘ताण’. परीक्षेचे ‘दडपण’ येते. परीक्षेचा ‘दाब’ येत नाही. मंत्र्यांवर ‘दबाव’ आणला जातो, आणि हवेचा मात्र ‘दाब’ मोजला जातो. ‘दबावगट’ हा राज्यशास्त्रातील शब्द ‘दाबगट’ असा केल्यास कोणीही हसेल. हे नियम कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेले नाहीत. तरी मराठी बोलणारा त्यात चुकत नाही.

भौतिकशास्त्रात दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल. ही व्याख्या शिकवताना दाभोशाच्या धबधब्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. परंतु ते जपून द्यावे लागते. कड्यावरून मोकळे कोसळणारे पाणी हवेला उघडे असते, त्यामुळे पडताना त्याचा दाब भोवतालच्या हवेइतकाच राहतो. खाली उभ्या राहणाऱ्याला जो जाणवतो तो ‘मारा’. हेच पाणी तेवढ्याच उंचीवरच्या टाकीत साठवून बंद नळातून खाली आणले, तर नळाच्या तळाशी खरा दाब निर्माण होतो. दर दहा मीटर उंचीमागे साधारणपणे एका वातावरणाइतकी त्यात भर पडते. धबधब्याचा ‘मारा’ आणि नळाचा ‘दाब’ हा फरक मराठीने शब्दांतच केलेला आहे. येथे भाषेचा शिक्षक विज्ञानाच्या शिक्षकाला मदत करू शकतो.

पावसाळ्यात या परिसरातील प्रत्येक घरी रेडिओवरून आणि आता मोबाइलवरून ‘कमी दाबाचा पट्टा’ ऐकू येतो. बंगालच्या उपसागरावर असे क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागले, की कोकणात पावसाचा जोर वाढतो, आणि भात, नाचणी, वरई यांची लावणी खोळंबलेला शेतकरी त्याकडे कान लावून बसतो. इंग्रजी हवामानशास्त्रात या क्षेत्राची तीव्रता वाढली की त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतात. हाच शब्द मानसशास्त्रात ‘नैराश्य’ होतो आणि १९२९ नंतरच्या जागतिक अर्थव्यवस्थेचे वर्णन करताना ‘महामंदी’ होतो. ‘खाली दाबले जाणे’ हे मूळ चित्र तिन्ही ठिकाणी एक आहे. मराठीने मात्र तिन्ही ठिकाणी त्या चित्राऐवजी विषय पाहून नाव ठेवले.

एका बाबतीत मराठी इंग्रजीच्याही पुढे गेली आहे. विजेच्या बाबतीत आपण ‘उच्चदाब वाहिनी’, ‘लघुदाब ग्राहक’ असे शब्द सरकारी कागदपत्रांत वापरतो. पाड्यावरचा दिवा मंद झाला की ‘लाइटीला दाब नाही’ असे वाक्यही ऐकू येते. नळातील पाणी आणि तारेतील वीज यांची ही तुलना विज्ञानाचे शिक्षक वर्गात मुद्दाम करून दाखवितात. येथे ती भाषेने आधीच केलेली आहे.

यंत्र, छापखाना, वृत्तपत्र

‘प्रेस’ या नामाचा जो अर्थ आज सर्वाधिक प्रचलित आहे, त्याचा प्रवास मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइन्झ येथे योहान गुटेनबर्ग याने जुळविलेल्या खिळ्यांवरून छपाई सुरू केली. त्याचे यंत्र हे द्राक्षे पिळण्याच्या स्क्रूच्या चरकाच्या जातीचे होते. शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद ठेवायचा आणि वरून फळी आवळायची. त्या दाबण्यावरून यंत्राला नाव मिळाले, यंत्रावरून कारखान्याला, कारखान्यावरून त्यातून निघणाऱ्या पत्रांना आणि शेवटी ती पत्रे लिहिणाऱ्या माणसांना. एकाच शब्दाच्या अर्थाने एवढी स्थलांतरे केली, तरी मुक्कामाचे प्रत्येक गाव त्याने आपल्या ताब्यात ठेवले.

भारतात पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात आले. मराठीसाठी देवनागरी खिळ्यांचा उपयोग त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, विल्यम कॅरी यांच्या १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी व्याकरणात श्रीरामपूर येथे झाला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले. शाईत जनावराची चरबी असते म्हणून छापील कागद विटाळतो, अशी समजूत तेव्हा कर्मठ मंडळींत होती आणि तिच्यावर उपाय म्हणून तुपाची शाई वापरण्यात आली, असे सांगितले जाते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ काढले. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. जावजी दादाजी यांच्या ‘निर्णयसागर’ने पुढे १८६९ पासून देवनागरी छपाईला जे रूप दिले, त्याचा वेगळा इतिहास होईल.

या नव्या तंत्राला मराठीने तीन वाटांनी नावे दिली. पहिली वाट ‘छाप’ची. उमटलेली खूण म्हणजे छाप. त्यावरून छापणे, छापील, छापखाना. दुसरी वाट संस्कृतातील ‘मुद्रा’ या शब्दाची. त्यावरून मुद्रण, मुद्रक, मुद्रणालय. मुद्रा म्हणजे मोहोर, नाणे आणि चेहऱ्यावरचा भावही. तिसरी वाट म्हणजे इंग्रजी शब्दच घेणे. यांपैकी पहिल्या दोन वाटांत एक गोष्ट समान आहे. इंग्रजीने क्रियेकडे पाहिले, मराठीने परिणामाकडे. आपल्याला दाब दिसला नाही, उमटलेला ठसा दिसला. म्हणूनच इंग्रजी ‘इम्प्रेस’ या क्रियापदाचे मराठी ‘छाप पाडणे’ इतके नेमके बसते. वक्त्याने श्रोत्यांवर छाप पाडली, असे म्हणताना आपण नकळत शिक्काच वापरतो. याच ‘छाप’चे आणखी एक भावंड म्हणजे ‘छापा’. नाण्याची एक बाजू हाही छापा, आणि पोलिसांची अचानक धाड हाही छापाच.

या छापखान्यातील शब्दसंपत्ती आता झपाट्याने हरवत चालली आहे. खिळे, जुळारी, फर्मा हे शब्द जुन्या मुद्रकांच्या तोंडी तरी शिल्लक आहेत. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारे पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र आता क्वचितच दिसते. ऑफसेट यंत्रात अक्षर आधी रबरावर आणि मग कागदावर उतरते. संगणकाच्या साध्या छपाईयंत्रात तर शाईचे थेंब कागदावर फवारले जातात, म्हणजे दाबणे असे काही उरतच नाही. दुकानाच्या पाटीवरचे ‘प्रेस’ मात्र तसेच आहे.

मराठीत स्थिरावलेला हा ‘प्रेस’ शब्दही गावागणिक वेगळा अर्थ सांगतो. नाशिकरोडला ‘तो प्रेसमध्ये आहे’ असे कोणी म्हटले तर तो नोटांच्या किंवा मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यात कामाला आहे, असे समजावे. तेथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मधील आणि करन्सी नोट प्रेस १९२८ मधील. हेच वाक्य मुंबईत उच्चारले तर तो पत्रकार ठरतो. खानदेश-विदर्भात, कापसाच्या हंगामात, तो रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात असण्याचा संभव अधिक. सरकी काढलेली रुई यंत्राने दाबून सुमारे १७० किलोची एक गाठ बांधली जाते. आणि जव्हारच्या बाजारपेठेत कोणी ‘प्रेसला टाकले’ म्हणाला, तर त्याचे शर्ट इस्त्रीला गेले आहेत. एकाच राज्यात, एकाच भाषेत, एका शब्दाचे हे चार पत्ते.

कायद्याच्या भाषेतही हा गुंता दिसतो. १८६७ चा कायदा छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीसाठी होता. त्यातील ‘प्रेस’ म्हणजे यंत्र. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या काळात देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला, त्यातील ‘प्रेस’ म्हणजे वृत्तपत्रे. तो लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. १९१० च्या कायद्याने छापखान्याच्या मालकाकडून तारण म्हणून रक्कम मागण्याचा अधिकार सरकारला दिला; म्हणजे लेखणीवर अंकुश ठेवण्यासाठी हात पुन्हा यंत्रावरच पडला. त्या काळचे मराठी लेखक ‘मुद्रणस्वातंत्र्य’ हा शब्द वापरीत, त्याचे मर्म यात आहे. पुढे यंत्र मागे पडून ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ आले. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्याच्या नावातून ‘पुस्तके’ गेली आणि ‘नियतकालिके’ आली. ‘प्रेस’ मात्र राहिला. ‘प्रेस कॉन्फरन्स’ला आपण ‘पत्रकार परिषद’ म्हणतो आणि ‘प्रेस नोट’ला ‘प्रसिद्धिपत्रक’. पहिल्यात माणूस पाहिला, दुसऱ्यात हेतू. ‘प्रेस’साठी एकच प्रतिशब्द ठरवून तोच सर्वत्र लावला असता, तर दोन्ही शब्द ओढूनताणून आणलेले वाटले असते.

वेठ, उचल आणि एक वेगळाच ‘प्रेस’

आता ज्या अर्थापाशी विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका लाल झाली, त्याकडे येऊ. माणसाला सक्तीने कामाला किंवा सैन्यात धरून नेणे हाही इंग्रजी ‘प्रेस’चा अर्थ आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ब्रिटिश आरमारासाठी बंदरांतून माणसे पकडून नेणाऱ्या टोळ्या असत, त्यांना ‘प्रेस गँग’ म्हणत. वरवर पाहता हा ‘दाबणे’ याच अर्थाचा विस्तार वाटतो. परंतु व्युत्पत्ती वेगळीच आहे. हा मुळात ‘प्रेस्ट’ असा, जुन्या फ्रेंचमधून आलेला निराळा शब्द. त्याचा अर्थ उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. शिपायाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायची आणि ती घेतल्याबरोबर तो बांधला गेला असे समजायचे. पुढे सक्ती वाढली, आगाऊ रकमेची आठवण पुसली आणि उच्चारसाम्यामुळे हा शब्द ‘दाबणे’ या शब्दात मिसळून गेला. म्हणजे दोन निरनिराळ्या मुळांचे शब्द एका रूपात राहत आहेत, आणि कोश पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

ही व्युत्पत्ती इंग्लंडमधील विद्यार्थ्याला केवळ कुतूहलाची वाटेल. पालघर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटते. मराठीत या अर्थासाठी ‘वेठ’ आणि ‘बिगार’ हे शब्द आहेत. पहिला संस्कृत ‘विष्टि’वरून, दुसरा फारसीतून, दोन्ही मिळून ‘वेठबिगार’. या जिल्ह्याच्या (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या) डहाणू, उंबरगाव भागात वारली कुळांना जमीनदाराच्या शेतावर, जंगलात, घरी विनामोबदला राबावे लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही सावकाराकडे बांधले जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी तयार केलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या परिस्थितीची नोंद आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार वारल्यांनी केला. त्याच वर्षी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात हा इतिहास सविस्तर आला आहे. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते, त्यामुळे तेथील प्रशासनाचा इतिहास स्वतंत्र आहे; परंतु ‘वेठ’ हा शब्द जव्हारच्या वृद्धांना समजावून सांगावा लागत नाही.

‘लग्नगडी’ आणि ‘प्रेस्ट’ यांत अंतर किती? आगाऊ रक्कम, तिच्यामुळे माणूस बांधला जाणे आणि पुढे रकमेपेक्षा बंधनच उरणे, ही साखळी दोन्हीकडे सारखी आहे. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने देशभर बेकायदेशीर ठरली. या कायद्याने आगाऊ रकमेच्या मोबदल्यात सक्तीने करून घेतलेले श्रमही वेठीत धरले, ही लक्षणीय गोष्ट आहे. मात्र आगाऊ रकमेची प्रथा संपली नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे भिवंडी, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर जातात, ती पुष्कळदा पावसाळ्यात घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी. आमच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून काही नावांपुढे जी सलग रेघ दिसते, तिचे एक कारण हे आहे.

येथे मराठी वृत्तपत्रांतील एका प्रयोगाबद्दल बोलणे आवश्यक वाटते. कर्मचाऱ्यांचा संप झाला की ‘नागरिकांना वेठीस धरले’ असा मथळा हटकून येतो. ज्या शब्दाने विनावेतन राबणाऱ्याची स्थिती सांगितली जात होती, तो आता अधिक वेतन मागणाऱ्यावर आरोप म्हणून वापरला जातो. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण ज्या जिल्ह्यात वेठ प्रत्यक्ष होती, तेथील शिक्षकाने तरी हा बदल वर्गात दाखवून द्यावा.

अध्यापनातील उपयोग

इंग्रजी-मराठी कोशाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलमध्ये त्याहून किती तरी मोठे कोश आहेत. अडचण कोशाच्या अभावाची नाही. बाजारातील मार्गदर्शक पुस्तिकांत प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक बरोबरचे चिन्ह आणि एक मराठी शब्द छापलेला असतो, आणि आपण शिक्षकही वेळ वाचविण्यासाठी तेच फळ्यावर लिहितो.

त्याऐवजी एक साधी पद्धत वापरून पाहता येते. इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारण्याऐवजी, तुमच्या घरी कोणकोणत्या गोष्टींवर भार दिला जातो आणि त्या क्रियेला काय म्हणतात, असे विचारावे. वारली किंवा कोकणा बोलीतील शब्द सांगितला गेला, तर तो त्याच रूपात लिहावा. प्रमाण मराठी रूप नंतर शेजारी येऊ द्यावे. थापणे, चेपणे, ठासणे, दडपणे, पिळणे, रेटणे यांची यादी फार लवकर फळा भरून टाकते. मग इंग्रजी वाक्ये द्यावीत आणि कोणत्या वाक्यात कोणता शब्द बसतो, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे. ‘निकडीची गरज’, ‘पैशाअभावी जेरीस आलेला’, ‘मागणी रेटून धरणे’, ‘फिर्याद देणे’ हे सर्व इंग्रजीत ‘प्रेस’ने सांगितले जाते, हे कळल्यावर वर्गात थोडा हशा होतो, परंतु त्यानंतर ‘माणसांना कामात दाबले’ असे वाक्य सहसा लिहिले जात नाही.

या पद्धतीस एक मर्यादा आहे आणि ती नोंदविली पाहिजे. गुणांकन एका शब्दाच्या उत्तरावर असेल, तर विद्यार्थी पुन्हा पुस्तिकेकडे वळतो. संदर्भासह अर्थ विचारणारे प्रश्न विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेत आले, तरच वर्गातील या श्रमास अर्थ राहील. अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी याचा विचार करावा.

उदाहरणादाखल शेवटी एक वस्तू सुचवितो, ती म्हणजे वीट. ती परिसरातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेली, आणि काहींनी घडविलेलीही असते. भट्टीवर जाण्याआधी कुटुंब उचल घेते, हा ‘प्रेस्ट’. तेथे गेल्यावर मळलेली माती साच्यात हाताने दाबून वीट थापली जाते, हा ‘प्रेस’. आणि साच्याच्या तळाशी कोरलेली मालकाच्या नावाची अक्षरे ओल्या विटेवर उमटतात. हा ‘इम्प्रेशन’, म्हणजे आपला छाप. तिन्ही शब्दांसाठी वर्गात एक वीट पुरते. ती आणायला सांगितल्यावर कोणाच्या घरची वीट कोणत्या भट्टीवरची आहे, हे बहुतेक मुले अक्षरे पाहूनच सांगतात.